रॉबिन्सनच्या नावावरचे पराभव

नोव्हेंबर २०२४ मध्ये शोहेई ओहतानीला नॅशनल लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला आणि अमेरिकन बेसबॉलमधला एक जुना विक्रम एकट्याचा राहिला नाही. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीगमध्ये हा मान मिळवणारा तोवर एकच माणूस होता, फ्रँक रॉबिन्सन. त्या निमित्ताने त्याचं नाव पुन्हा सगळीकडे फिरलं, कारकिर्दीची उजळणी झाली, आणि उजळणीच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य आलंच: खेळाडू म्हणून थोर, मॅनेजर म्हणून मात्र बेताचा. पुराव्यादाखल दोन आकडे पुढे केले जातात, १०६५ विजय आणि ११७६ पराभव. त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं असतं. मेजर लीगमधला, म्हणजे या दोन्ही लीग मिळून बनलेल्या सर्वोच्च स्तरावरचा, तो पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, त्याच्याकडे आकडे कसले मागता? हा वाद वर्षानुवर्षं असाच चालतो आणि मला तो दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो. एक बाजू आकडे अर्धवट वाचते, दुसरी वाचायलाच नकार देते. आणि या नकारात रॉबिन्सनचा जास्त अपमान आहे, कारण त्यात तो काम करणारा माणूस उरत नाही, नुसता मानाचा फलक होतो. माझं म्हणणं सरळ आहे. रॉबिन्सन चांगला मॅनेजर होता. महान नव्हता, चांगला होता. आणि जो पहिला आला त्याने महानच असलं पाहिजे ही अट ज्यांनी घातली, त्यांनी दार उघडल्याचं सांगून उंबरठा वाढवून ठेवला होता.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे कचेरीत बसून करारमदार करणारा माणूस नव्हे. तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये बसतो, कोण कितव्या क्रमांकावर फलंदाजी करणार ते लिहून पंचांच्या हाती देतो, दमलेल्या पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, हातून चेंडू काढून घ्यायला स्वतः मैदानात चालत जातो. आपल्याकडचा कर्णधार आणि प्रशिक्षक एकाच माणसात घातले तर जे होईल ते साधारण त्याचं काम. मोसमात १६२ सामने असतात, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. मात्र संघात कोण असावं हे बहुतांशी तो ठरवत नाही. ते जनरल मॅनेजर आणि मालक ठरवतात. पुढचा सगळा युक्तिवाद या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते लक्षात असू द्यावं.

खेळाडू म्हणून त्याच्या मोठेपणाबद्दल वाद नाही, त्यामुळे तिथे फार रेंगाळत नाही. टेक्ससमध्ये १९३५ साली जन्म, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये बालपण. १९५६ मध्ये सिनसिनाटी रेड्सकडून पहिल्याच मोसमात ३८ होमरन (आपल्या षटकारासारखा मैदानाबाहेर जाणारा फटका), म्हणजे नवख्या खेळाडूच्या तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी. १९६१ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९६५ च्या डिसेंबरात रेड्सने त्याला बाल्टिमोर ओरिओल्सकडे धाडलं. तिशीचा असला तरी ही तरुण तिशी नव्हे, अशा अर्थाचं काहीतरी रेड्सच्या प्रमुखांनी म्हटलं. पुढच्याच मोसमात या 'म्हाताऱ्याने' ३१६ ची सरासरी (दर हजार खेपांमागे यशस्वी फटके), ४९ होमरन आणि १२२ धावा फलकावर लावून तिन्हींत अव्वल स्थान मिळवलं, ज्याला ट्रिपल क्राउन म्हणतात. अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू तोच, आणि डॉजर्सला चार सामन्यांत धूळ चारली त्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेचा, मानकरीही तोच. प्लेटला (फलंदाजाच्या पुढ्यातल्या जमिनीवरच्या पाटीला) इतका चिकटून उभा राहायचा की कारकिर्दीत १९८ वेळा चेंडू अंगावर आला, आणि पुढच्या चेंडूला तो पुन्हा तिथेच, तितक्याच जवळ उभा. थांबला तेव्हा ५८६ होमरन नावावर होते. त्याच्या पुढे फक्त हँक ॲरन, बेब रूथ आणि विली मेज.

आता विरोधकांचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. मॅनेजर म्हणून चार संघ आणि सोळा मोसम मिळूनही तो एकदाही विभागात, म्हणजे लीगमधल्या आपल्या गटात, पहिला आला नाही. मोसमानंतरच्या बाद फेरीत त्याने एकही सामना हाताळला नाही. शंभरातले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस सामने जिंकणारा, असं त्याचं गणित निघतं. शिवाय स्वभाव. क्लीव्हलँडच्या पहिल्याच मोसमात गेलॉर्ड पेरी या बड्या पिचरशी त्याचं जमलं नाही आणि जून १९७५ मध्ये पेरीची रवानगी झाली. १९७६ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात, आपणच खालच्या लीगमध्ये पाठवलेल्या पिचरने अपशब्द वापरल्यावर रॉबिन्सनने त्याला ठोसे मारले. १९७७ मध्ये रिको कार्टी या त्याच्याच फलंदाजाने जाहीर समारंभात त्याच्या नेतृत्वावर टीका केली. स्वतः सर्व काही मिळवलेला माणूस, आणि हाताखालच्या सामान्य खेळाडूंना ते का जमत नाही हे त्याला उमजत नव्हतं, ही तक्रार अनेकांनी केली. सुरुवातीच्या वर्षांपुरती ती मला पटते. पेरीचं प्रकरण एकट्या पेरीवर ढकलता येत नाही, आणि मॅनेजरने खेळाडूवर हात उचलण्याला कुठलंही समर्थन नाही.

पण मग ते ११७६ पराभव एकेका संघाचे म्हणून वाचू. क्लीव्हलँडने १९६९ ते १९७४ या सहा मोसमांत एकदाही जिंकल्यापेक्षा जास्त हरणं टाळलं नव्हतं. १९७१ मध्ये १०२ सामने गमावले होते. रॉबिन्सन आल्यावर १९७५ मध्ये ७९ विजय, ८० पराभव. १९७६ मध्ये ८१ विजय, ७८ पराभव, म्हणजे १९६८ नंतरचा पहिला सुस्थितीतला मोसम. १९७७ च्या जूनमध्ये २६-३१ असताना त्याला काढलं. त्याच्याविना उरलेला मोसम काही सुधारला नाही, संघ ७१ विजयांवर थांबला, आणि बाद फेरी त्या शहराने थेट १९९५ मध्ये पाहिली. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने १९८० मध्ये ८६ सामने गमावले होते. रॉबिन्सन तिथे १९८१ मध्ये गेला, नॅशनल लीगमधलाही पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर म्हणून. १९८२ मध्ये त्याच संघाने ८७ सामने जिंकले, मोसमाच्या शेवटच्या दोन दिवसांपर्यंत शर्यत धरून ठेवली आणि अटलांटाच्या दोनच सामने मागे राहिला. १९८४ च्या ऑगस्टमध्ये त्याला काढलं आणि पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, जायंट्सने शंभर सामने गमावले. त्या घराण्याच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. गळकं छप्पर ज्याच्या डोक्यावर सापडलं त्यालाच पावसाचा दोष देण्यातला हा प्रकार आहे.

बाल्टिमोरची गोष्ट तर सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण सगळ्यात जास्त उगाळला जाणारा आकडा तिथलाच. १९८८ चा मोसम ओरिओल्सने सलग सहा पराभवांनी सुरू केला आणि मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना सहाव्या सामन्यानंतर घरी बसवलं. त्यांचे दोन मुलगे, कॅल आणि बिली, त्याच संघात खेळत होते. ज्या दोन भावांच्या बापाची खुर्ची काल काढून घेतली, त्यांच्यासमोर आज त्या खुर्चीवर बसायचं, ही रॉबिन्सनची सुरुवात. संघ आणखी पंधरा सामने हरला. मोसमाच्या आरंभी सलग २१ पराभव, मेजर लीगमधला हा लाजिरवाणा विक्रम. पहिला विजय २९ एप्रिलला शिकागोत मिळाला, आणि संघ घरी परतला तेव्हा पन्नास हजारांवर लोक स्टेडियमवर जमले. त्या शहराचं ते प्रेम मला कुठल्याही विजेतेपदापेक्षा कमी वाटत नाही. मोसम ५४-१०७ वर संपला. डिसेंबरात संघातला सर्वांत मोठा फलंदाज, एडी मरे, डॉजर्सकडे गेला. उरली ती नवखी पोरं. आणि त्या पोरांना घेऊन १९८९ मध्ये रॉबिन्सनने ८७ सामने जिंकले, आदल्या वर्षीपेक्षा ३३ जास्त. शेवटच्या आठवड्याअखेरीस टोरँटोत तीन सामने उरले होते आणि ओरिओल्स एकाच सामन्याने मागे होते. पहिला गेला २-१ ने, अकराव्या डावात. दुसरा ४-३ ने. तिथे संपलं. त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम मॅनेजर म्हणून रॉबिन्सनची निवड झाली. ज्यांना १९८८ चे पराभव तोंडपाठ आहेत त्यांच्या उजळणीत ही ओळ का गळते?

माँट्रियलमध्ये जे घडलं त्याला तर खेळातला अन्याय म्हणण्याशिवाय माझ्याकडे शब्द नाही. २००१ च्या अखेरीस लीगच्या मालकांनी दोन संघ गुंडाळायचा घाट घातला होता, त्यात माँट्रियल एक्स्पोजचं नाव सर्वांत पुढे. तो बेत फिसकटला तेव्हा लीगनेच तो संघ विकत घेतला. म्हणजे बाकीचे २९ मालक, ज्यांच्या संघांशी एक्स्पोजला रोज झुंजायचं होतं, तेच एक्स्पोजचेही मालक झाले. मोडीत काढायला ठेवलेल्या या संघाचं काम लीगच्या कचेरीत शिस्तीचा विभाग सांभाळणाऱ्या रॉबिन्सनच्या हाती दिलं. आदल्या वर्षी ९४ सामने हरलेला तो संघ २००२ मध्ये ८३ जिंकला, २००३ मध्ये पुन्हा ८३ जिंकला. या दुसऱ्या वर्षी त्यांचे घरचे २२ सामने माँट्रियलमध्ये नव्हे, पोर्तो रिकोतल्या सॅन हुआनमध्ये खेळवले गेले, कारण तिथे तिकिटं जास्त खपत. तरीही ऑगस्टच्या शेवटी हा संघ बाद फेरीच्या शर्यतीत आघाडीवरच्या संघांच्या बरोबरीने उभा होता. एक सप्टेंबरपासून प्रत्येक संघाला खालच्या लीगमधून जादा खेळाडू बोलावता येत. पाच महिने रोज खेळून थकलेल्या संघाला त्यांचा मोठा आधार असतो. एक्स्पोजला लीगने ती परवानगी दिली नाही. कारण, खर्च. प्रतिस्पर्धी भरल्या बाकांनी खेळले आणि रॉबिन्सनचा संघ थकत गेला. पुढच्या मोसमाआधी व्लादिमिर गेरेरोसारखा फलंदाज करार संपून निघून गेला, पिचर हाविएर वाझ्केझ यँकीजला देऊन टाकला, आणि २००४ मध्ये एक्स्पोजने ९५ सामने गमावले. ते पंच्याण्णव पराभव कोणाच्या नावावर लिहिलेत? फ्रँक रॉबिन्सनच्या.

हिशेब करायचा तर असा करा. विजयांपेक्षा पराभव १११ ने जास्त आहेत. त्यातले ४७ एकट्या १९८८ चे आणि २८ एकट्या २००४ चे. ही दोन वर्षं वगळली तर उरतात ३६, उरलेल्या चौदा मोसमांत मिळून. कोणी म्हणेल, वाईट वर्षं वगळली तर कोणाचीही कारकीर्द सुधारते. खरं आहे. पण मी ती वाईट म्हणून वगळत नाही. एका वर्षी संघ हरण्याची रीत आधीच घालून हाती आला, दुसऱ्या वर्षी मालकानेच तो सोलून ठेवला. मॅनेजरच्या कामाचा अंदाज घ्यायचा तर त्याच्या हाती असलेल्या गोष्टीच मोजायला हव्यात.

शिवाय तोच आकडा दुसऱ्याच्या नावावर असला की त्याचा अर्थ कसा पालटतो, हेही पाहण्यासारखं आहे. जीन मॉक नावाचे एक मॅनेजर होते. २६ मोसम, १९०२ विजय, २०३७ पराभव. विजयांपेक्षा पराभव १३५ ने जास्त, टक्केवारी रॉबिन्सनपेक्षा जेमतेम वर. दोनदा विभाग जिंकला, वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही पोचले नाहीत. तरी बेसबॉलमध्ये त्यांची ख्याती डावपेचांतला बुद्धिमान माणूस अशीच राहिली आणि एका संघाने काढलं की दुसरा संघ बोलवायला तयार असे. त्यांच्या पराभवांचं खापर दुबळ्या संघांवर फुटलं, जे योग्यच होतं. मग रॉबिन्सनच्या वाट्याला ते शहाणपण का आलं नाही? जो टोरी १९९६ मध्ये यँकीजकडे आला तेव्हा त्याच्या नावावर ८९४ विजय आणि १००३ पराभव होते आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राने त्याची जाहीर टवाळी केली होती. पुढच्या पाच वर्षांत त्याने चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या. केसी स्टेंगलने यँकीजबरोबर बारा वर्षांत दहा वेळा लीग जिंकली आणि त्याच स्टेंगलच्या न्यूयॉर्क मेट्सने १९६२ मध्ये १२० सामने गमावले. माणूस तोच, संघ वेगळा. महान खेळाडूला दुसऱ्याकडून काम करून घेता येत नाही या लाडक्या सिद्धांतालाही टोरी पुरेसं उत्तर आहे. तो १९७१ चा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. आपल्याकडे सचिन तेंडुलकरच्या २५ कसोटींतल्या चार विजयांवरून हाच सिद्धांत मांडला जातो, आणि त्या काळी परदेशी खेळपट्ट्यांवर वीस बळी घेणारे गोलंदाज त्याच्याकडे किती होते हा प्रश्न तिथेही विचारला जात नाही.

टक्केवारीच प्रमाण मानायची तर तिचा शेवट कुठे होतो तेही पाहू. पीट रोझ रेड्सचा मॅनेजर म्हणून ४१२ जिंकला, ३७३ हरला. या मापाने तो रॉबिन्सनपेक्षा कितीतरी सरस. १९६३ मध्ये रोझ नवखा होता, संघातले जुने गोरे खेळाडू त्याला जवळ करत नव्हते, तेव्हा त्याला आपलंसं केलं ते रॉबिन्सन आणि व्हेडा पिन्सन यांनी. पुढे दोघेही खेळाडू-मॅनेजर झाले, म्हणजे संघाची यादी लिहिणारा हात आणि बॅट धरणारा हात एकच. रोझने १९८४ पासून स्वतःचं नाव यादीत लिहीत टाय कॉबच्या ४१९१ फटक्यांचा विक्रम गाठला आणि ११ सप्टेंबर १९८५ ला तो मोडला. वय ४४, त्या मोसमाची सरासरी २६४. मॅनेजर असतानाच त्याने आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावले आणि ऑगस्ट १९८९ मध्ये त्याला कायमचं बाहेर काढलं. आता रॉबिन्सन पाहा. १९७६ च्या अखेरीस त्याच्या खात्यावर २९४३ फटके होते. तीन हजारांना ५७ कमी. होमरन ५८६, सहाशेला १४ कमी. फलंदाजांमध्ये तीन हजारांचा आकडा काय असतो हे क्रिकेटवाल्यांना शंभर शतकांवरून कळेल. संघाची यादी लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. पेन त्याच्याच हातात होतं. त्याने १९७६ मध्ये स्वतःला जेमतेम ३६ सामन्यांत खेळवलं आणि थांबला. रोज दुपारी ती यादी लिहिताना, दुखऱ्या खांद्याच्या चाळिशीतल्या फलंदाजापेक्षा त्या जागेवर दुसरा कोणी बरा आहे हे ठरवून, स्वतःचं नाव गाळणं म्हणजे काय, याचा विचार करा. मॅनेजरची कसोटी लागते ती अशा वेळी, आणि रॉबिन्सन त्या कसोटीला उतरला. हा गुण कुठल्या टक्केवारीत येतो?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, जी त्याचा गौरव करते आणि गौरवातच त्याला संपवते. १५ ऑक्टोबर १९७२ ला सिनसिनाटीत वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्याआधी जॅकी रॉबिन्सनचा सत्कार झाला. वर्णभेदाची भिंत ओलांडून तो मेजर लीगमध्ये आला त्याला पंचवीस वर्षं झाली होती. जॅकी मधुमेहाने जर्जर होता, दृष्टी जवळजवळ गेली होती. आभार मानून झाल्यावर तो म्हणाला की एखादा कृष्णवर्णीय माणूस संघ चालवताना दिसला तर मला आणखी आनंद होईल. नऊ दिवसांनी तो गेला. फ्रँक रॉबिन्सनची नेमणूक झाली ३ ऑक्टोबर १९७४ ला. (दोघे नात्याचे नव्हेत, नावापुरतेच एक.) ८ एप्रिल १९७५ ला क्लीव्हलँडमध्ये पहिला चेंडू टाकायला जॅकीची पत्नी रेचल आली होती. मॅनेजर म्हणून पहिल्याच सामन्यात रॉबिन्सनने फलंदाजीला आपलं नाव दुसऱ्या क्रमांकावर घातलं आणि पहिल्याच खेपेला यँकीजच्या डॉक मेडिचला होमरन मारला. सामना ५-३ ने जिंकला. हा प्रसंग सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात, जणू तो होमरन हेच त्याचं मॅनेजर म्हणून काम होतं. त्याआधीचे हिवाळे कोणी सांगत नाही. अमेरिकेतला मोसम संपला की बडे खेळाडू विश्रांती घेत. रॉबिन्सन १९६८ पासून पोर्तो रिकोत सांतुर्से संघाचा मॅनेजर म्हणून हिवाळा काढत होता, स्पॅनिश बोलणाऱ्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या खेळाडूंची मोट बांधत. मेजर लीगमध्ये जी नोकरी तोवर कोणा कृष्णवर्णीयाला मिळालेली नव्हती, तिची तयारी तो तारुण्याच्या ऐन भरात करत होता. त्याला ती उपकार म्हणून मिळाली नाही.

ही जुनी रीत आपल्याला अनोळखी नाही. बाळू पालवणकर विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदू संघाचे सर्वश्रेष्ठ गोलंदाज होते; १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. चर्मकार समाजात जन्मलेल्या या माणसाला पुण्यात खेळताना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. चेंडू हातात दिला जात होता, संघ हातात द्यायची वेळ आली की इतर नावं निघत. संघाचं रीतसर कर्णधारपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळालं, आणि तेही भावांनी आधी संघाबाहेर राहून निषेध केल्यानंतर. अंगातलं कौशल्य वापरून घ्यायचं, पण डोक्याने चालवायच्या जागेवर बसवायचं नाही, हा बहिष्काराचा जास्त चिवट प्रकार आहे, कारण तो गुणवत्तेच्या भाषेत बोलतो.

अमेरिकेत ही भाषा किती उघडपणे बोलली जात होती ते ६ एप्रिल १९८७ च्या रात्री दिसलं. जॅकीच्या पदार्पणाच्या चाळिशीनिमित्त दूरचित्रवाणीवर कार्यक्रम होता. डॉजर्सचे जनरल मॅनेजर अल कँपॅनिस, जे स्वतः कधीकाळी जॅकीबरोबर खेळले होते, त्यांना विचारलं की कृष्णवर्णीय मॅनेजर का नाहीत. त्यावर त्यांनी, त्या कामाला लागणारे काही गुण त्यांच्यात नसावेत, असं सांगितलं. दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली. पण त्या रात्री मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय मॅनेजर नव्हता, हे वास्तव कँपॅनिस यांच्या नोकरीबरोबर गेलं नाही. १९७५ ते १९८७ या काळात रॉबिन्सनखेरीज फक्त दोघांना संधी मिळाली होती. लॅरी डोबीला १९७८ मध्ये शिकागोत ८७ सामने. मॉरी विल्सला सिॲटलमध्ये १९८० आणि १९८१ मिळून त्याहूनही कमी सामने, आणि विल्सने ते काम वाईट केलं हे मान्यच आहे. पुढे अडीच वर्षांनी, सप्टेंबर १९८९ अखेर, टोरँटोतल्या ज्या तीन सामन्यांचा उल्लेख वर केला, तिथे एका डगआउटमध्ये रॉबिन्सन होता आणि दुसऱ्यात सीटो गॅस्टन. विभागाचं विजेतेपद दोन कृष्णवर्णीय मॅनेजरांमध्ये ठरत होतं. रॉबिन्सन हरला. गॅस्टनने १९९२ आणि १९९३ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून दाखवली.

स्वभावाबद्दल एक गोष्ट राहिली. मे २००६, वॉशिंग्टन नॅशनल्स विरुद्ध ह्यूस्टन. एक्स्पोजच आता राजधानीत येऊन नॅशनल्स झाले होते आणि रॉबिन्सन सत्तर वर्षांचा होता. नेहमीचे कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखे) जायबंदी असल्याने मॅट लेक्रॉय या धडपड्या पण दुखऱ्या हाताच्या खेळाडूला उभं केलं होतं. ह्यूस्टनच्या धावपटूंनी त्याच्यावर सात बेस चोरले, म्हणजे फटका न बसताच पळून पुढचा टप्पा गाठला, आणि त्याच्या फेकी भलतीकडे गेल्या. सातव्या डावात, डाव संपायची वाट न पाहता, रॉबिन्सनने त्याला मैदानाबाहेर घेतलं. बेसबॉलमध्ये कॅचरला डावाच्या मध्येच काढणं ही चारचौघांत केलेली मानहानी समजतात. सामना नॅशनल्सने जिंकला. नंतर वार्ताहरांसमोर त्याविषयी बोलताना रॉबिन्सनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेक्रॉयने त्याला दोष दिला नाही. १९७६ मध्ये खेळाडूवर हात उचलणारा आणि तीस वर्षांनी योग्य निर्णयासाठीही खेळाडूकरता रडणारा, हा एकच मॅनेजर आहे. तो शिकत गेला, कारण त्याला शिकायला पुन्हा पुन्हा संधी मिळाली. डोबीला दुसरी मिळाली नाही.

म्हणूनच मला वाटतं की समानतेचं माप पहिल्या नेमणुकीत नाही, विजेतेपदातही नाही. साधारण निकाल देणाऱ्या गोऱ्या मॅनेजरला जी दुसरी, तिसरी, चौथी संधी सहज मिळत आली, ती इतरांना किती सहज मिळते, ते पाहायला हवं. रॉबिन्सनला ती मिळाली तेव्हा बहुतेक वेळा दुसरं कोणी घ्यायला धजणार नाही असा संघ मिळाला. आणि हे जुनं झालं असं कोणी म्हणत असेल तर डस्टी बेकरचं पाहावं. १९८४ मध्ये तो जायंट्समध्ये रॉबिन्सनच्या हाताखाली खेळला होता. रॉबिन्सनने ज्या नॅशनल्सचा पाया घातला, त्याच संघाचा मॅनेजर म्हणून बेकरने २०१६ मध्ये ९५ आणि २०१७ मध्ये ९७ सामने जिंकले, दोन्ही वर्षी विभाग जिंकला. २०१७ च्या ऑक्टोबरात त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. त्यानंतर दोन पूर्ण मोसम कोणत्याही संघाने त्याला मॅनेजर म्हणून घेतलं नाही. २०२० मध्ये बोलावलं ते ह्यूस्टनने, तेव्हा प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरून पाहण्याच्या प्रकरणात मॅनेजर आणि जनरल मॅनेजर दोघांनाही काढून त्या संघाची देशभर छी-थू चालली होती. दोन वर्षांनी, वयाच्या ७३ व्या वर्षी, बेकरने त्यांना वर्ल्ड सिरीज जिंकून दिली.